क्षेम किती एमएमचं?

साकीनाक्याहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांमध्ये लोखंडाचं काम करणारे गाळे आहेत. पत्रा कापणारं यंत्र, तो वाकवणारं यंत्र, वेल्डिंगचा सेट, कोपऱ्यात चहाचे ग्लास आणि भिंतीवर काजळी धरलेली एखादी तसबीर. अशा गाळ्यासमोर बोरिवलीहून किंवा मुलुंडहून एखादी थार येऊन उभी राहते. कारागीर जमिनीवर पुठ्ठा टाकतो, पाठीवर सरकत गाडीखाली जातो, बॅटरी मारतो, दोन-चार ठिकाणी बोटांनी टकटक करून बघतो. बाहेर येतो तेव्हा त्याच्याकडे एकच प्रश्न असतो. "साहेब, पत्रा किती एमएमचा टाकायचा?"

साहेब गोंधळतात. त्यांनी गाडीचा रंग निवडायला दोन महिने घेतलेले असतात, पण गाडीचं पोट त्यांनी आजवर पाहिलेलंच नसतं. वरकरणी हा प्रश्न लोखंडाच्या दुकानातला आहे. पण तो जरा उलटून पाहिला की त्याच्या खाली फार जुना प्रश्न सापडतो. माणसाने स्वतःला किती जपावं, कशापासून जपावं, आणि त्या जपण्याचं ओझं कुणी वाहावं?

आधी गाडीच्या पोटाबद्दल. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी एक उथळ कढई असते. पुस्तकात तिला ऑइल संप म्हणतात, गॅरेजमध्ये सरसकट 'चेंबर'. "चेंबर फुटला" हे वाक्य घाटात ऐकलेला माणूस ते विसरत नाही. दगडाचा एक टोकदार कोपरा लागतो, तेल मिनिटाभरात मातीत जातं, आणि चालकाचं लाल दिव्याकडे लक्ष गेलं नाही तर इंजिन स्वतःलाच घासून जाम होतं. चेंबरच्या मागे गिअरबॉक्स, फोर बाय फोर गाडीत त्याच्या मागे ट्रान्स्फर केस, एका बाजूला डिझेलची टाकी, मधून धावणारा सायलेन्सरचा पाइप. हे सगळं जमिनीपासून वीतभर अंतरावर. २०२० साली आलेल्या थारची खालची मोकळीक २२६ मिलिमीटर सांगितली जाते, जिम्नीची २१०. एवढ्या जागेत कोकणातला पाणंद रस्ता मावतो, इगतपुरीजवळच्या महिंद्राच्या ऑफ-रोड प्रशिक्षण मैदानावरचे चढउतार मावतात. मात्र गवतात दडलेला एखादा दगड मावत नाही.

म्हणून हा पत्रा. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव स्किड प्लेट, आणि नावातच त्याचं काम आहे, घसरणं. तो दगडाला अडवत नाही. गाडीचं वजन दगडावर आलं की तो गाडीला दगडावरून घसरू देतो, आणि जाताना ओरखडा स्वतःवर घेतो. भिंत आणि घसरगुंडी यांतला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता धातू. साकीनाक्यात दोन पर्याय मिळतात, लोखंड आणि अॅल्युमिनियम. तीन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. सहा मिलिमीटरचं अॅल्युमिनियम, म्हणजे दुप्पट जाड, तरी सव्वासोळा किलोच्या आत. शिवाय पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे हलकं असूनही सहाचं अॅल्युमिनियम तीनच्या लोखंडापेक्षा अडीच पटींहून जास्त ताठ राहतं. हिशेब इथेच संपला असता तर लोखंड कुणी घेतलंच नसतं. पण सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट आहे, काळा, कठीण, फुटला की धारदार. मऊ अॅल्युमिनियमला तो चावतो. पत्रा घसरायचा तिथे खरवडला जातो, रुततो, आणि गाडी दगडावर बसते. लोखंड त्याच दगडावरून किंचाळत का होईना, पण पुढे सरकतं. वाकलं तर कुठल्याही गावातला वेल्डर घणाने सरळ करून देतो. अॅल्युमिनियमच्या जोडाला आर्गॉन वेल्डिंग लागतं, ते वाटेतल्या गावात मिळेलच असं नाही. उलट खाऱ्या हवेत रंग उडालेलं लोखंड एका पावसाळ्यात तांबडं होतं. अॅल्युमिनियम तसं गंजत नाही, पण त्यात साधे लोखंडी बोल्ट घातले की सांध्यात पांढरी भुकटी धरते. अंधेरी-बोरिवलीत राहून समुद्राला टाळता येत नाही.

सगळ्या गाडीखाली साधारण दीड चौरस मीटर पत्रा बसतो असं धरलं, तर लोखंडाचे पस्तीस किलो होतात. पाच एमएमचा हट्ट धरला तर साठाच्या घरात. म्हणजे एक माणूस गाडीखाली कायमचा बांधून ठेवल्यासारखं. तो दगडावर आडवा पडेल हे खरं. पण पश्चिम द्रुतगती महामार्गावर, मीरा रोडच्या रांगेत, सोसायटीच्या रॅम्पवर, अशा सगळीकडे तो सोबत येणार, आणि त्याचं डिझेल मालकाच्याच खिशातून जाणार.

आणि खरं बोलायचं तर उपनगरातल्या बहुतेक थारांच्या वाट्याला दगड येतच नाहीत. कांदिवलीत आकुर्ली रोडवर महिंद्राचा जुना कारखाना आहे. १९४५ साली सुरू झालेली ही कंपनी विलीजच्या जीप जोडत मोठी झाली. त्या जीपला युद्धाची वाट माहीत होती. तिच्या पणतीला माहीत आहेत पेव्हर ब्लॉक, आरेतले खड्डे आणि कुणीतरी रात्रीत घातलेले गतिरोधक. तरीही पत्रा मारून घेतला जातो. कशासाठी, असं विचारलं तर उत्तर येतं, "असलेला बरा."

'असलेला बरा' या दोन शब्दांत संरक्षणाचा निम्मा धर्म आहे.

मराठी घरातल्या मुलांनी तिन्हीसांजेला परवच्यासोबत म्हटलेली रामरक्षा हे याचं सगळ्यांत ओळखीचं उदाहरण. बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेलं हे स्तोत्र शरीराचा नकाशा काढल्यासारखं डोक्यापासून पावलापर्यंत उतरत जातं, आणि प्रत्येक अवयवाला रामाचं वेगळं नाव नेमून देतं. गुडघ्यांना सेतू बांधणारा, पोटऱ्यांना दशमुखाचा अंत करणारा, पावलांना बिभीषणाला वैभव देणारा. सप्तशतीआधी म्हटलं जाणारं देवीकवचही असंच अंगप्रत्यंग मोजतं. मोघम 'मला सांभाळ' म्हणून ही स्तोत्रं थांबत नाहीत. त्यांना माहीत आहे की इजा मोघम होत नाही; ती डोळ्याला होते, गुडघ्याला होते. गाड्यांचे पत्रे विकणारेही इंजिनाचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा, टाकीचा वेगळा असेच तुकडे विकतात. रामरक्षा स्वतःला 'वज्रपंजर' म्हणवते. पंजर म्हणजे पिंजरा. कवच म्हणून जे अंगावर चढतं ते बंदिस्तही करतं, ही जाणीव त्या नावात असावी असं वाटत राहतं.

या नकाशांत नेहमी एक जागा सुटते, आणि ती बहुधा तळाची असते. महाभारताच्या अनुशासनपर्वात दुर्वास कृष्णाच्या घरी येऊन राहतात आणि उरलेली खीर अंगाला फासायला सांगतात. कृष्ण सगळ्या अंगाला फासतो, तळपाय सोडून. जिथे खीर लागली तिथे मृत्यूचं भय नाही, असं दुर्वास सांगतात, आणि तळवे राहिले याची नोंद घेतात. पुढे मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण नेमका तळव्याला लागतो. ग्रीकांच्या अकिलीसला त्याच्या आईने टाचेला धरून नदीत बुडवलं, म्हणून टाच कोरडी राहिली. दोन वेगळ्या संस्कृतींतल्या कथाकारांना मर्म शोधायला पायाखालीच जावंसं वाटलं. जे रोज जमिनीला लागतं आणि डोळ्यांना दिसत नाही, ते उघडं राहतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीला, याच भयाचं दगडात कोरलेलं चित्र आहे. कान्हेरीची लेणी शंभराहून अधिक. सोपारा, कल्याण, चौल इथल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तिथल्या भिंतींवर आहेत. ही माणसं बैल, तांडे आणि गलबतं घेऊन हिंडणारी होती. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराचं शिल्प आहे. मधे बोधिसत्त्व उभा, आणि दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींत प्रवासात अडकलेली माणसं त्याच्याकडे धाव घेताना. हत्ती, सिंह, साप, आग, फुटणारं जहाज. बौद्ध परंपरा यांना महाभयं म्हणते, आणि सद्धर्मपुंडरीक सूत्रात अवलोकितेश्वराच्या नावाने यांतून सुटका होते असं सांगितलं आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर ही त्या काळची विम्याची अपवादांसकट यादी. (याच लेण्यात इसवी सनाच्या अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. देशांतर करून आलेल्यांना हे भयाचं शिल्प परकं वाटलं नसेल.)

त्या व्यापाऱ्यांनी बोधिसत्त्वाला हात जोडले आणि बैलांना नाल ठोकायचं बंद केलं, असं झालं असेल का? तसं मानायला काहीच कारण नाही. आज नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणारा आणि आरशाला काळी बाहुली बांधणारा माणूसही विम्याचा हप्ता चुकवत नाही. बुद्धिवादी माणसाला यात विसंगती दिसते. ती आहे का, हे तपासायला गीतेकडे जावं लागतं, कारण तिथे हा प्रश्न नाव घेऊन येतो.

नाव आहे योगक्षेम. शंकराचार्य त्याची फोड करतात ती अशी: जे नाही ते मिळवणं हा योग, आणि जे मिळालं ते राखणं हे क्षेम. थार घेतली हा योग. तिच्याखाली पत्रा ठोकणं हे क्षेम. दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की तू निर्योगक्षेम हो, मिळवण्या-राखण्याच्या चिंतेतून मोकळा हो. त्यावर आचार्यांचं म्हणणं असं की ज्याच्या मनात योगक्षेमच मुख्य होऊन बसतं, त्याला श्रेयाच्या वाटेला लागणं अवघड जातं. पण नवव्या अध्यायात तोच कृष्ण वेगळं बोलतो. जे अनन्य होऊन माझं चिंतन करतात त्यांचं योगक्षेम मी वाहतो, असं तो म्हणतो. एकीकडे योगक्षेम सोडायचं, दुसरीकडे ते कुणीतरी वाहायचंच आहे. मुंबईत आयुर्विमा महामंडळाच्या मुख्य कचेरीचं नाव 'योगक्षेम' आहे. देवाने पत्करलेली जबाबदारी १९५६ नंतर एका महामंडळाने हप्त्यावर घेतली, असा विनोद करण्याचा मोह होतो. पण त्या नावात विनोदापेक्षा जास्त काही आहे.

इथे क्रियापद बघावं. वाहतो. वह् हा धातू. त्याच धातूपासून वाहन हा शब्द झाला. देव 'मी राखतो' असं म्हणू शकला असता, 'मी देतो' म्हणू शकला असता. तो म्हणतो, वाहतो, पाठीवर घेतो. कथेकरी बुवा यावर एक गोष्ट सांगतात. एका गरीब ब्राह्मणाला वाटलं, जगाचा धनी कशाला कुणाची ओझी वाहील? त्याने पोथीतल्या त्या शब्दावर काट्याने ओरखडे मारले. तो भिक्षेला गेला असताना एक पोरगा धान्याचं ओझं घेऊन त्याच्या दारात आला, आणि त्याच्या पाठीवर ताजे ओरखडे होते. गोष्ट खरी की खोटी हा मुद्दा नाही. ज्याने ती पहिल्यांदा रचली, त्याला हे कळलं होतं की राखणाऱ्याच्या अंगावर वळ उठतातच. क्षेमाला वजन असतं, आणि ते वजन कुठल्या तरी पाठीवर पडतं. साकीनाक्यातल्या कारागिराचा प्रश्न नेमका हाच आहे. किती वजन, आणि कुठल्या चासीवर?

आचार्यांनी या श्लोकावर स्वतःच एक शंका काढली आहे. देव इतर भक्तांचंही योगक्षेम वाहतोच ना, मग अनन्य भक्तांचं विशेष काय? त्यांचं उत्तर मोठं व्यवहारी आहे. वाहतो तो सगळ्यांचंच. फरक इतकाच की इतर भक्त आपल्या योगक्षेमासाठी स्वतःही खटपट करतात, अनन्य भक्त करत नाहीत. म्हणजे काळी बाहुली आणि चेंबरखालचा पत्रा दोन्ही बाळगणारा बोरिवलीकर पाखंडी नाही, विसंगतही नाही. आचार्यांच्या वर्गवारीत त्याला रीतसर जागा आहे, दुसऱ्या रांगेत का होईना. निर्योगक्षेम होऊन उघड्या चेंबरने रतनगडाच्या वाटेला लागणारा माणूस मात्र आधी तपासून घ्यावा. तो पहिल्या रांगेतला आहे की नुसता बेफिकीर, हे बाहेरून कळत नाही.

बेफिकिरी पत्रा लावूनही येते. किंबहुना लावल्यावर जास्त येते. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असा सिद्धांत मांडला की गाडीत सुरक्षेची साधनं सक्तीची केली की चालक थोडं अधिक धोक्याने चालवू लागतात, आणि फायद्याचा काही भाग त्यातच जिरतो. किती भाग जिरतो यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण ऑफ-रोडवाल्यांना प्रवृत्ती पटवून द्यावी लागत नाही. पत्रा नसलेला माणूस खाली उतरतो, दगड बघतो, चाक दगडावर चढवून पोट वाचवतो. पत्रा लावलेला माणूस म्हणतो, जाऊ दे, आहे ना खाली! महाभारतातला कर्ण जन्मतःच कवच घेऊन आला, ते त्याने इंद्राला अंगावरून कापून दिलं. तो कवचाअभावी मेला असं आपण म्हणतो. शेवटच्या क्षणी प्रत्यक्षात घडलं ते वेगळं: रथाचं चाक जमिनीने गिळलं होतं आणि ते उपसायला तो खाली उतरला होता. कुठल्याही ऑफ-रोड मैदानावरच्या प्रशिक्षकाला विचारावं. त्याचं निदान असं असेल की कर्णाला पत्र्याची नव्हे, ओढून काढणाऱ्या पट्ट्याची आणि बाजूला उभं राहून वाट सांगणाऱ्या भल्या माणसाची गरज होती. त्याच्या वाट्याला सारथी म्हणून शल्य आला, आणि तो सगळा वेळ टोमणे मारत राहिला.

कवच कुणाच्या जिवावर उभं आहे, हा प्रश्न यापेक्षाही टोकदार. काही वर्षांपूर्वीपर्यंत उपनगरातल्या निम्म्या मोठ्या गाड्यांच्या तोंडावर चकचकीत नळ्यांचं बुल बार असे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की ही जोडणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, ती उतरवा. कारण सरळ होतं. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा अशा बेताने बनवलेला असतो. नळ्या त्याला चेपू देत नाहीत, आणि न चेपण्याची किंमत रस्ता ओलांडणारा माणूस आपल्या मांडीच्या हाडाने भरतो. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या गर्दीत हे वाक्य कल्पनेने वाचायची गरज नाही. पोटाखालचा पत्रा असा नाही. तो दगडाशी भांडतो, आणि दगडाला मांडी नसते. बाहेरून दिसतही नाही. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला जाताना शिवरायांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातलं होतं, शिरस्त्राण मंदिलाखाली. खानाचा वार आतल्या चिलखतावरून घसरला. वर घातलेलं चिलखत समोरच्याला दरडावतं. आत घातलेलं फक्त वार येण्याची वाट बघतं. देखाव्याची कवचं आणि कामाची कवचं यांच्यातला हा भेद बाजारात पैशांतही दिसतो. बुल बारला पॉलिश लागायची, चेंबरच्या पत्र्याला प्रायमरही पुरतो.

मग पूर्ण झाकून टाकावं का? नव्याने पत्रा लावणाऱ्या बहुतेकांना हाच मोह होतो: पुढच्या बंपरपासून मागच्या टाकीपर्यंत एकसंध तळ. अनुभवी कारागीर इथे थांबवतो. तेल बदलायचं तर चेंबरच्या बोल्टाखाली भोक हवं, नाहीतर दर वेळी पूर्ण पत्रा उतरवावा लागतो. पाणी, चिखल, शेवाळ आत साचतं, म्हणून निचऱ्याच्या खाचा हव्यात. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस सहा गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर जाळून साफ करणारे डबे असतात, ते भयंकर तापतात. त्यांच्याभोवती वारा खेळला नाही, आणि कोरडं गवत पत्र्यावर अडकून बसलं, तर कवचाची भट्टी होते. २०१३ साली टेस्लाच्या दोन विजेच्या गाड्यांना रस्त्यावरच्या लोखंडी तुकड्यांनी खालून भेदून आगी लागल्या. पुढच्या वर्षी कंपनीने तिथे अॅल्युमिनियमची पोकळ दांडी, टायटेनियमची पट्टी आणि भरीव अॅल्युमिनियम असे तीन थर घातले. तेही नेमक्या जागी, सगळ्या पोटाला पोलादात न गुंडाळता.

नेमकी जागा कशी शोधायची, याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने दिलं होतं. परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोकं दिसतात तिथे नव्हे, जिथे दिसत नाहीत तिथे पत्रा वाढवा. कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत. हा वाल्ड पुढे भारतात व्याख्यानांसाठी आला आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून गेला. त्याच्या गणितात हा डोंगर नव्हता.

कुणाच्याच गणितात सगळं नसतं. १३ मे २०२४ च्या दुपारी वळवाच्या वाऱ्यात घाटकोपरच्या छेडा नगरात एकशे वीस फूट रुंद आणि तेवढाच उंच जाहिरातफलक शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळला, १७ माणसं गेली. पंपावर गाड्या रांगेत उभ्या होत्या. धोका खालून येईल म्हणून माणूस खाली पत्रा मारतो, आणि तो वरून येतो. यावर 'नशीब' हा शब्द टाकून मोकळं होता येतं, पण तो फलक नशिबाने उभारला नव्हता. अशा घटनेसमोर पत्र्याची जाडी वाढवण्यात अर्थ नसतो. तिथे ज्याने जे ओझं वाहायचं होतं, ते त्याने वाहिलं का, एवढंच विचारायचं उरतं. उपनगरातल्या माणसाचं बहुतेक क्षेम असं दुसऱ्यांच्या पाठीवर असतं: फलक बांधणाऱ्याच्या, नाला साफ करणाऱ्याच्या, लोकलचे रूळ तपासणाऱ्याच्या. स्वतःच्या हातात येतो तो दीड चौरस मीटरचा पत्रा, आणि म्हणून कदाचित त्याच्यावर एवढा जीव जडतो.

कान्हेरीला पुन्हा एकदा जावं, या वेळी पावसाळ्यात. तिथल्या भिक्षूंनी डोक्यावर अख्खा डोंगर घेतला होता, याहून जाड कवच कुठलं? तरी त्यांनी छिन्नी चालवली ती पाण्याला वाट द्यायला. कातळाच्या माथ्यावर पन्हळी खोदल्या, दारांबाजूला टाकी खोदली. शिलालेखांत त्यांना पोढी म्हणतात, आणि त्यांची दानं मुद्दाम नोंदलेली आहेत. जुलैत त्या पन्हळींतून पाणी अजून वाहतं. कोकणातल्या पावसात दगडही नुसता झाकून राहत नाही, त्याला निचरा लागतो, हे त्यांना पत्र्याच्या कारागिराइतकंच ठाऊक होतं.

खंडेनवमीला साकीनाक्यातले गाळे धुतले जातात. पत्रा वाकवणाऱ्या यंत्राला हळदकुंकू लागतं, वेल्डिंगच्या सेटवर झेंडूचं फूल ठेवलं जातं. समोर उभ्या थारच्या बॉनेटवर मालक स्वस्तिक काढतो, चाकांना हार घालतो, नारळ फोडतो. खाली वाकून चेंबरच्या पत्र्याला कुणी कुंकू लावत नाही. त्याच्यावर गेल्या महिन्यातला भंडारदऱ्याचा लाल चिखल अजून तसाच आहे, आणि डाव्या अंगाला एक लांब, चकाकता ओरखडा. प्रसादाचा पेढा हातात घेऊन कारागीर पुन्हा पुठ्ठा टाकतो, आत सरकतो, पान्याने एकेक बोल्ट तपासतो. दोन सैल निघतात.

"साहेब, पाचशे किलोमीटरनंतर घेऊन या म्हटलं होतं," आतूनच तो म्हणतो. "तुम्ही आलाच नाही."